सोशीकपणा आणि तग : ख्रिस्ती श्रद्धेचे एक दलित वाचन

दलित साहित्याविषयी बोलताना वेदना, नकार आणि विद्रोह हे तीन शब्द आपण एका दमात उच्चारतो. परिसंवादातून ते ऐकू येतात, प्रश्नपत्रिकांतून ते विचारले जातात. ऐकणाऱ्याला वाटावे की वेदना झाली की पाठोपाठ नकार येतो आणि नकारातून विद्रोह पेटतो. इतिहास असा घडलेला नाही. वेदना शेकडो पिढ्यांची आहे आणि विद्रोहाचा उच्चार त्या मानाने कालचा आहे. मग मधल्या काळात माणसे जगली कशी? ज्या पिढ्यांनी विद्रोह केला नाही, किंवा ज्यांना तो करताच आला नाही, त्या नष्ट झाल्या नाहीत. त्यांनी मुले वाढवली, मेलेल्यांना मूठमाती दिली, दुसऱ्या दिवशी पुन्हा कामाला गेल्या. त्या जगल्या म्हणून आज आपण लिहितो आहोत. त्यांना जगवणारे बळ कोठून आले, हा प्रश्न आपल्या समीक्षेने पुरेशा गांभीर्याने विचारलेला नाही. तो विचारायचा तर श्रद्धेचा विचार टाळता येणार नाही. या लेखात मी तो ख्रिस्ती श्रद्धेच्या संदर्भात करणार आहे.

मी बौद्ध आहे. तेव्हा ख्रिस्ती श्रद्धाच का, असे कोणी विचारील. त्याची दोन कारणे आहेत. पहिले असे की, या धर्माने दुःख अगदी मध्यभागी ठेवले आहे. त्याची खूणच मुळी एका शिक्षायंत्राची आहे. क्रूस हे रोमन साम्राज्यात गुलामांना आणि बंडखोरांना चारचौघांसमोर हालहाल करून मारण्याचे साधन होते. राज्यसत्तेने अशा रीतीने मारलेल्या एका सुताराला ज्या श्रद्धेने देव मानले, तिच्यात पिचलेल्या माणसांना आपले काही सापडावे यात नवल नाही. दुसरे कारण अधिक जवळचे आहे. अमेरिकन मराठी मिशनने १८३१ साली अहमदनगर येथे, म्हणजे आजच्या अहिल्यानगरात, काम सुरू केले. पुढच्या काळात त्या भागातील अनेक महार आणि मांग कुटुंबे ख्रिस्ती झाली. १९५६ साली ज्यांनी धम्म स्वीकारला आणि त्यापूर्वी ज्यांनी बाप्तिस्मा घेतला, त्यांचे गावकूस एकच होते. त्यांच्या दुःखाची जातकुळी वेगळी नव्हती. त्यांनी शोधलेल्या बळाची चौकशी करणे म्हणजे परक्याच्या घरात डोकावणे नव्हे.

या विषयावर दोन निकाल आधीच तयार असतात. चर्चच्या व्यासपीठावरून सांगितले जाते की, श्रद्धेने दुःख सोसण्याचे बळ दिले, म्हणून श्रद्धा थोर. आपल्या व्यासपीठावरून सांगितले जाते की, श्रद्धा ही अफू आहे, तिने माणसाला सोसायला लावले, म्हणून ती त्याज्य. हे दोन्ही निकाल ‘सोसणे’ हा एकच शब्द धरून दिलेले आहेत, आणि त्या शब्दाच्या पोटात दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे दोन्ही पक्ष विसरतात. मराठीत त्यांना वेगळे शब्दही आहेत. एक आहे सोशीकपणा. दुसरा आहे तग. सोशीकपणा हा गुण म्हणून शिकवला जातो. तो शिकवणारा बहुधा सोसणारा नसतो. सून सोशीक असावी असे सासू म्हणते, गडी सोशीक असावा असे मालक म्हणतो. तग कोणी शिकवीत नाही. दुष्काळात झाड तग धरते, पुरात माणूस तग धरतो. तग धरणाऱ्याला आपण धरलेली स्थिती योग्य आहे असे वाटत नसते. ती टळेपर्यंत उभे राहायचे एवढेच त्याला कळते. सोशीक माणसाला दुःखाचा अर्थ पटलेला असतो. तग धरणाऱ्याला तो पटलेला नसतो, आणि न पटताही तो मरत नाही.

आपल्याच परंपरेत हा भेद पाहता येतो. चोखामेळा एका अभंगात आपल्या हीन जन्माचे कारण पूर्वजन्मीच्या दोषात शोधतो. येथे दुःखाला अर्थ मिळाला आणि तो अर्थ सवर्णांच्या सोयीचा निघाला. त्याच घरातला त्याचा मुलगा कर्ममेळा मात्र देवालाच जाब विचारतो की, हा जन्म मला का दिलास. दोघेही विठ्ठलाचेच भक्त. बाप मंगळवेढ्याला गावकुसाच्या कामावर भिंत कोसळून मेला आणि त्याची समाधी पंढरपूरला महाद्वारापाशी, देवळाच्या बाहेर, झाली. भक्ती एकच असताना एक सोसण्याला कारण पुरवते आणि दुसरी तक्रार जिवंत ठेवते. तेव्हा श्रद्धा आहे की नाही एवढे पाहून समीक्षकाचे काम भागत नाही. ती श्रद्धा माणसाकडून काय करवून घेते, हे पाहावे लागते.

मराठीत ख्रिस्ती श्रद्धा आणि दुःख यांचा विषय निघाला की पहिले नाव येते लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रे’चे. १९३४ पासून भागाभागाने आलेले हे आत्मचरित्र मराठी गद्याचा ठेवा आहे, याबद्दल दुमत नाही. मी ते वर्गात शिकवतो आणि दर वर्षी मुलांना ते आवडते. मराठी समीक्षेने त्यातील प्रांजळपणा आणि विनोद यांचे मनापासून कौतुक केले. मला त्यातील दुसऱ्या एका गोष्टीकडे लक्ष वेधायचे आहे. १८९५ साली नारायण वामन टिळकांनी बाप्तिस्मा घेतला तेव्हा लक्ष्मीबाईंवर आकाश कोसळले. नवरा जिवंत असून गमावल्यासारखा, नातलगांत तोंड दाखवायची चोरी, पदरात लहान मूल. त्या स्वतः ख्रिस्ती झाल्या त्या काही वर्षांनी. मधला काळ त्यांनी काढला तो नव्या श्रद्धेच्या बळावर नव्हे. तो त्यांनी भांडून, रडून, हसून आणि हट्टाने काढला. ज्याला मी तग म्हणतो तो या पानांत स्वच्छ दिसतो. त्यांची श्रद्धा सांत्वन म्हणून आली नाही. ती त्यांच्या स्वतःच्या विचाराच्या वाटेने आली, आणि त्या वाटेवरचा मोठा टप्पा जातीचा होता. सोवळ्याओवळ्याच्या वेडाने पछाडलेल्या बापाच्या घरात वाढलेल्या या बाईला एका क्षणी लख्ख कळते की, जात देवाने केलेली नाही, माणसाने केली आहे. मग कोणाच्याही हातचे पाणी घ्यायला त्यांना अडचण उरत नाही. ब्राह्मण घरातल्या, जेमतेम अक्षरओळख असलेल्या बाईने स्वतःच्या बुद्धीने केलेली ही झेप मोठी आहे आणि ती कमी लेखण्याचे कारण नाही.

तथापि एक प्रश्न राहतो आणि तो वर्गातल्या शेवटच्या बाकांवरून दर वर्षी येतो. बाईंनी जात टाकली हे चांगले झाले. पण ज्यांच्या हातचे पाणी त्या प्यायल्या, त्यांना जात टाकता आली काय? जात वरून खाली टाकता येते. खालच्या माणसाला ती टाकता येत नाही, कारण ती त्याने धरलेलीच नसते. दुसऱ्याने ती त्याच्यावर ठेवलेली असते. लक्ष्मीबाईंचे दुःख विरहाचे, मृत्यूचे, गरिबीचे आहे. ते खरे आहे. त्या दुःखाला गुन्हेगार नाही, निदान एका माणसाकडे बोट दाखवावे असा नाही. अशा दुःखात श्रद्धेने धीर दिला तर त्यात फसवणूक काय? मूल मेले, नवरा गेला, साथ आली, तर माणसाने कोणाविरुद्ध मोर्चा काढावा? येथे सोसण्याला पर्याय नसतो. परंतु महारवाड्यातल्या माणसाच्या आयुष्यात असे शुद्ध दुःख फारसे भेटत नाही. साथ सर्वांना येते, पण औषध, पाणी आणि हवा यांची वाटणी गावाने आधीच केलेली असते. तिथे मूल मरते तेव्हा रोग आणि व्यवस्था दोघे मिळून ते मारतात. म्हणून ‘स्मृतिचित्रे’तील धीर हा सर्व ख्रिस्ती धीराचा नमुना मानता येत नाही. नगर जिल्ह्यातल्या ज्या महार-मांग ख्रिस्ती माणसांच्या शेजारी हे आत्मचरित्र घडले, त्यांच्या बाजूने तीच वर्षे कशी दिसली असती, हे मराठी वाङ्मयाच्या मुख्य प्रवाहाला ठाऊक नाही. ठाऊक नाही याची त्याला खंतही वाटलेली नाही.

त्यांची बाजू मांडण्याचा प्रयत्न केला तो बाबासाहेबांनी, आणि तो प्रेमाने पण कठोरपणे केला. ख्रिस्ती झालेल्या अस्पृश्यांच्या स्थितीविषयीचे त्यांचे लेखन त्यांच्या हयातीत प्रसिद्ध झाले नाही. महाराष्ट्र शासनाने काढलेल्या लेखन आणि भाषणे या मालिकेच्या पाचव्या खंडात, १९८९ साली, ते आले. मिशनऱ्यांनी शिक्षणाचे आणि आरोग्याचे केलेले काम ते नाकारीत नाहीत. त्यांचा आक्षेप मर्मावर आहे. धर्मांतरित अस्पृश्याला मिशनऱ्यांनी असे शिकवले की, माणसाची अधोगती ही पापामुळे, आदिपुरुष आदामाच्या पापामुळे झाली. आपली अधोगती एका अन्यायी समाजरचनेमुळे आणि तिला टेकू देणाऱ्या धर्मामुळे झाली, हे त्याला शिकवले गेले नाही. जे ज्ञान त्याला चेतवू शकले असते त्याच्या जागी त्याला एक हताश समाधान मिळाले. म्हणजे पूर्वजन्मीचे पाप जाऊन पूर्वजाचे पाप आले. दुःखाचे कारण दोन्हीकडे सोसणाऱ्याच्याच पदरात राहिले.

हा आक्षेप मला निर्णायक वाटतो. मात्र तो ज्या धर्माविरुद्ध आहे, त्याच धर्माच्या ग्रंथात तो आधीच नोंदलेला आहे, हे आपण पाहिले पाहिजे. जुन्या करारातील ईयोबाचे पुस्तक घ्या. ईयोब हा चर्चमध्ये सोशीकपणाचा आदर्श म्हणून सांगितला जातो. पुस्तक वाचणाऱ्याला वेगळाच ईयोब भेटतो. मालमत्ता गेली, मुले गेली, अंगभर फोड आले. मग तीन मित्र सांत्वनाला येतात आणि सांगतात की, तुझ्या हातून काही पाप घडले असले पाहिजे, त्याशिवाय असे होणार नाही. ईयोब ते मान्य करीत नाही. प्रकरणामागून प्रकरण तो वाद घालतो, देवाला न्यायासनापुढे बोलावू पाहतो. आणि शेवटी देव रागावतो तो मित्रांवर. ईयोब जसे योग्य बोलला तसे तुम्ही बोलला नाहीत, असे त्यांना ऐकावे लागते. बाबासाहेबांनी ज्या उपदेशावर बोट ठेवले तो उपदेश या तीन मित्रांचा आहे. ईयोबाचा नकार मात्र व्यासपीठावरून गाळला गेला आणि त्याचा धीर तेवढा ठेवला गेला. ज्यांना ईयोबासारखा प्रश्न पडण्याची सर्वांत जास्त शक्यता होती, त्यांच्यापर्यंत हा प्रश्न विचारणारा ईयोब पोचू दिला नाही. धर्मग्रंथ कोण वाचून दाखवतो आणि त्यातले काय वाचून दाखवतो, याला म्हणूनच महत्त्व आहे.

याच जागेवरून बामा यांच्या ‘करुक्कु’कडे वळता येते. १९९२ साली तमिळमध्ये आलेले हे आत्मकथन मी लक्ष्मी होल्मस्ट्रॉम यांच्या इंग्रजी अनुवादातून वाचले. बामा या पारैयर समाजातल्या, पिढीजात कॅथलिक घरातल्या. करुक्कु म्हणजे ताडाच्या पानाची दोन्ही बाजूंनी करवतीसारखी असलेली कड. लेखिकेने ही प्रतिमा नव्या करारातील देवाच्या दुधारी शब्दाशी जोडली आहे. लहानपणी तिला गावातला एक म्हातारा माणूस खाऊची पुडी दोरीने लोंबकळत धरून नेताना दिसतो. तिला हसू येते. पुडीला हात लागला तर ती जमीनदाराला विटाळते म्हणून तो तसे करतो, हे भाऊ तिला समजावतो तेव्हा हसू मावळते. आजी ज्या घरी राबते तिथे तिला पाणी उंचावरून ओतले जाते. दफनभूमीच्या तंट्यावरून पोलीस वस्तीत शिरतात, पुरुष परागंदा होतात आणि बाया घरेदारे सांभाळतात. या सगळ्या माणसांना येशू ठाऊक आहे. येशू ठाऊक असल्याने पाणी जवळून ओतले गेले नाही.

पुढे बामा शिक्षिका होतात आणि गरीब मुलांसाठी काही करावे म्हणून जोगिणींच्या संघात प्रवेश करतात. तिथे त्यांना दिसते की, संघाची शाळा श्रीमंतांच्या मुलांसाठी आहे आणि झाडलोटीला आपली माणसे आहेत. त्यांचे निरीक्षण असे की, देव प्रेमळ आहे, क्षमाशील आहे, सौम्य आहे, हे त्यांना पुन्हा पुन्हा शिकवले गेले; देव न्यायी आहे, अन्याय पाहून तो संतापतो, हे कोणी आग्रहाने शिकवले नाही. नम्रता, सहनशीलता आणि आज्ञापालन यांचे पाठ ज्यांना दिले जात होते, ते जन्मापासून दुसरे काही करीतच नव्हते. सात वर्षांनी बामा संघ सोडतात. नोकरी नाही, पैसा नाही, गावात परतायचे.

‘करुक्कु’ हे श्रद्धा गमावल्याचे पुस्तक आहे असे कोणी म्हणेल. माझे वाचन तसे नाही. त्यांनी संस्था सोडली आणि ती सोडण्याचे बळ ज्या येशूपासून घेतले तो गरिबांच्या बाजूने उभा राहणारा, सत्ताधाऱ्यांना खडसावणारा येशू आहे. पुस्तकाचे नावच त्या ग्रंथाशी नाते सांगते. म्हणजे येथे सोशीकपणा शिकवणारी श्रद्धा आणि तग देणारी श्रद्धा समोरासमोर आल्या आहेत आणि दोघींच्या हातात एकच पोथी आहे. लक्ष्मीबाई ज्या चर्चमध्ये आल्या तिथे त्यांना माणूसपणाचा विस्तार मिळाला. बामा ज्या चर्चमध्ये जन्मल्या त्यातून बाहेर पडताना त्यांना तो मिळाला. या दोन बाया एकाच श्रद्धेच्या दोन दारांशी उभ्या आहेत. त्या कोणत्या दाराशी उभ्या आहेत हे त्यांच्या जातीने ठरवले, हे सांगितल्याशिवाय कोणतीही तुलना अप्रामाणिक ठरेल.

एकाच पोथीतून दोन विरुद्ध शिकवणी निघतात याचा सर्वांत मोठा पुरावा अमेरिकेतील काळ्या माणसांच्या इतिहासात आहे. तिकडे पाहणे आपल्याला नवे नाही. महात्मा फुल्यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ अर्पण केली ती गुलामांना मुक्त करण्यासाठी झटलेल्या अमेरिकेतील सदाचारी लोकांना; आणि १९७२ साली मुंबईत दलित पँथर निघाली तेव्हा तिने नाव घेतले ते तिथल्या ब्लॅक पँथरवरून. हॉवर्ड थर्मन हे काळे धर्मचिंतक १९३५-३६ साली सिलोन आणि हिंदुस्थानच्या दौऱ्यावर आले होते. ज्या धर्माच्या लोकांनी तुम्हाला गुलाम केले त्या धर्माचे प्रतिनिधी होऊन तुम्ही येथे कसे आलात, असे त्यांना कोलंबोत एका माणसाने विचारले. त्या प्रश्नाचे उत्तर म्हणून त्यांचे १९४९ सालचे ‘जीझस अँड द डिसइनहेरिटेड’ हे छोटे पुस्तक वाचता येते. त्यात त्यांनी आपल्या आजीची हकीगत दिली आहे. आजी गुलाम म्हणून जन्मली होती. तिला वाचता येत नसे. नातू तिला बायबल वाचून दाखवी. मात्र पौलाची पत्रे ती वाचू देत नसे. फार झाले तर प्रीतीवरचा एक अध्याय. मोठेपणी नातवाने कारण विचारले. तिने सांगितले की, मालकाचा गोरा पाद्री मळ्यावर येई तेव्हा पौलाचेच वचन काढून गुलामांनी धन्याची आज्ञा पाळावी असा उपदेश करी. स्वातंत्र्य मिळाले आणि वाचायला आले तर हा भाग वाचायचा नाही, असे तिने तेव्हाच ठरवले होते.

याच आजीने आणखी एक आठवण सांगितली आहे. अधूनमधून एका काळ्या, स्वतः गुलाम असलेल्या उपदेशकाला बोलू देत. तो प्रवचन संपवताना समोरच्या प्रत्येकाकडे पाहून सांगे की, तुम्ही गुलाम नाही, तुम्ही देवाची लेकरे आहात. हे सांगताना आजीचा कणा ताठ होई, असे थर्मन लिहितात. तोच मळा, तेच ऐकणारे, तोच ग्रंथ. आणि दोन प्रवचने. मालक दोन्ही वेळा मालकच होता. पण एका प्रवचनाने मान खाली गेली आणि दुसऱ्याने कणा ताठ झाला. एका निरक्षर बाईने या दोन प्रवचनांतला फरक ओळखला आणि पवित्र मानल्या गेलेल्या ग्रंथातली पाने बाजूला ठेवली. ही समीक्षा आहे. आपण ज्याला दलित समीक्षा म्हणतो ती हेच करू पाहते आणि पुष्कळदा एवढ्या नेमकेपणाने तिला ते साधत नाही.

ही परंपरा पुढे वादातीत राहिली असेही नाही. अन्यायाने वाट्याला आलेले दुःख तारक ठरते, असे मार्टिन ल्यूथर किंग यांनी १९६३ साली सांगितले. त्याच वर्षी सप्टेंबरात बर्मिंगहॅमच्या चर्चमध्ये बाँब फुटून चार मुली मेल्या. चार मुलींच्या मरणाने कोण तरले, हा प्रश्न विचारणे भाग होते. जेम्स कोन यांनी २०११ सालच्या ‘द क्रॉस अँड द लिंचिंग ट्री’ या ग्रंथात क्रूस आणि काळ्यांना टांगून मारण्याचे झाड शेजारी शेजारी ठेवले आणि विचारले की, ही दोन लाकडे एकच आहेत हे अमेरिकेच्या थोर गोऱ्या धर्मचिंतकांना का दिसले नाही. डेलोरेस विल्यम्स यांचा सूर आणखी वेगळा आहे. १९९३ साली आलेल्या ‘सिस्टर्स इन द वाइल्डरनेस’मध्ये त्या म्हणतात की, काळ्या बाईने पिढ्यान्‌पिढ्या दुसऱ्यांच्या वाट्याचे दुःख उचलले आहे, तेव्हा दुसऱ्यासाठी दुःख उचलणे हेच पवित्र, असे तिला सांगू नका. त्या क्रूसाऐवजी हागारेची गोष्ट पुढे ठेवतात. हागार ही अब्राहामाच्या घरातली दासी. धन्यापासून तिला मूल झाले आणि मालकिणीने तिला मुलासकट रानात हाकलले. पाणी संपले. देवाने तिची बेडी तोडली, मालकिणीला शिक्षा केली, असे काही घडत नाही. तिचे डोळे उघडतात आणि तिला विहीर दिसते. विल्यम्स यांचे म्हणणे असे की, देव येथे मुक्ती देत नाही, जगण्याची सोय देतो, आणि हेही थोडे नाही.

मला हागारेच्या गोष्टीत तग हा शब्द सापडतो. पाणी आणि विहीर या शब्दांनी आपल्या वाचकाच्या मनात काय जागे होते हे सांगण्याची गरज नाही. हागारेच्या विहिरीवर पहारा नव्हता. आपल्या विहिरींवर होता. म्हणून १९२७ साली महाडला जावे लागले. मात्र महाडपर्यंत पोचायला माणसे जिवंत असावी लागतात, आणि ती जिवंत राहिली ती उंचावरून ओंजळीत पडणाऱ्या पाण्यावर. त्या ओंजळीचा अपमान आपण सांगितलाच पाहिजे. ती ओंजळ पुढे करणाऱ्या आईला मात्र गुलामवृत्तीची म्हणून मोडीत काढण्याचा अधिकार आपल्याला नाही. घरात पहिल्यांदा पदवी माझ्या हातात आली. माझ्या आधीच्या बायांनी ‘सोसावं लागतं’ हे वाक्य किती वेळा म्हटले असेल याची मोजदाद नाही. त्याच बायांनी कामावरून येताना पाटी-पेन्सिलीला पैसे बाजूला ठेवले. तोंडातले वाक्य सोशीकपणाचे होते आणि हाताचे काम तग धरण्याचे. समीक्षकाने वाक्य ऐकावे आणि हातही पाहावा.

तर मग श्रद्धेतून मिळालेल्या बळाची पारख कशी करायची? मला दोन प्रश्न पुरेसे वाटतात. सोसायला कोण सांगतो आहे, हा पहिला. ज्याने क्रूस उभा केला, किंवा ज्याला त्याचा लाभ होतो, तोच क्रूस उचलण्याचा उपदेश करीत असेल तर तो उपदेश फेकून द्यावा. सोसणाऱ्याने स्वतः तो अर्थ शोधला असेल तर आपण थांबून ऐकावे. दुसरा प्रश्न बाबासाहेबांचा आहे. ही श्रद्धा दुःखाचे कारण कोणाच्या पदरात टाकते? सोसणाऱ्याच्याच पदरात टाकत असेल तर तिने दिलेला धीर कितीही खरा असला तरी तो उसना आहे आणि त्याचे व्याज पुढची पिढी भरते.

हेच प्रश्न आपण स्वतःलाही विचारले पाहिजेत. दुःख हा शब्द धम्माच्याही प्रारंभीच आहे. जन्म, जरा, मरण सगळेच दुःख असेल तर धम्म माणसाची आशाच काढून घेईल, ही अडचण बाबासाहेबांनी ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या १९५७ सालच्या ग्रंथाच्या प्रास्ताविकातच मांडली, आणि ग्रंथभर माणसाने माणसावर लादलेल्या दुःखाकडे धम्माचे तोंड वळवले. ज्या विहारात आज वंदना होते आणि गावातल्या अत्याचाराबद्दल शब्द निघत नाही, तिथे आपणही मित्रांच्या भाषेत बोलू लागलो आहोत, ईयोबाच्या नव्हे. श्रद्धेचे नाव बदलल्याने सोशीकपणा आपोआप जात नाही.

दलित ख्रिस्ती माणसाच्या वाट्याला तर तग धरण्याची दुहेरी कसोटी आली. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातींच्या सवलती हिंदूंपुरत्या ठेवल्या. १९५६ साली शीख आणि १९९० साली बौद्ध त्यात आले. ख्रिस्ती आणि मुसलमान दलित बाहेरच राहिले. सरकार म्हणते तुझ्या धर्मात जात नाही; गाव म्हणते तुझी जात आम्हाला ठाऊक आहे; आणि चर्चमध्ये बाक कोणता हे पुष्कळदा जातच ठरवते. १९८१ साली बंगळूरच्या युनायटेड थिऑलॉजिकल कॉलेजमध्ये अरविंद निर्मल यांनी भारतीय ख्रिस्ती धर्मचिंतनावरील ब्राह्मणी छापाला आव्हान दिले आणि दलितांच्या दृष्टीतून धर्मचिंतनाची मागणी केली. तेव्हापासून या प्रश्नावर इंग्रजीत पुष्कळ लिहिले गेले आहे. मराठीत मात्र त्यांच्या घरातली कहाणी अजून तुटक आहे.

म्हणून माझी मागणी साधी आहे. नगर, जालना, सोलापूर या भागांतील महार आणि मांग ख्रिस्ती घरांत जुने लोक आहेत. मिशनच्या बोर्डिंगात शिकलेल्या, दवाखान्यात दाई म्हणून राबलेल्या, शेतावर मजुरी करून रविवारी देवळात गाणे म्हणणाऱ्या बाया आहेत. त्यांनी कोणती प्रार्थना म्हटली आणि कोणती मुद्दाम म्हटली नाही, पाद्र्याचे कोणते वचन मनात ठेवले आणि कोणते उंबऱ्याबाहेर सोडले, हे त्यांच्या तोंडून लिहून घेतले पाहिजे. हे काम महाविद्यालयातील शिक्षक आणि विद्यार्थी करू शकतात. त्याला अनुदान लागत नाही, वही आणि वेळ लागतो. त्यांच्या मुलानातवंडांपैकी जे लिहिते झाले आहेत त्यांनी आपण दलित साहित्यात बसतो की नाही याची वाट पाहू नये. आणि आपण, बौद्ध लेखक-वाचकांनी, त्यांचे लेखन आले तर त्याला आधी धर्म विचारू नये. ते सांगतील ती वेदना आपल्या ओळखीची असेल. त्या वेदनेत उभे राहायला त्यांना काय उपयोगी पडले, हे मात्र आपल्याला अजून त्यांच्याकडूनच कळायचे आहे.